बाद

प्रेसमध्ये तेहेतीस वर्षं नोटा पाहिल्या,
पैसे नाही पाहिले.
हा फरक नाशिकरोडला कुणाला समजावून सांगावा लागत नाही.
एक रेघ जाड, एक आकडा तिरका,
की कागद बाजूला. बाद.
निवृत्तीनंतर डोळा रिकामा बसेना.
मग बुधवारच्या बाजारात, गोदेच्या काठी,
इब्राहिम कोकणीच्या गोणपाटावर
नळाच्या तोट्या आणि बिनकिल्लीची कुलपं यांच्यामध्ये
मला टोप्यांवरचे बिल्ले दिसू लागले.

देवळालीतून यायचे ते.
छावणीत बोटीची वाट बघत वेडे झालेले गोरे गेले,
आपलेही गेले,
डोक्यावरचं पितळ तेवढं मागे राहिलं, किलोच्या भावाने.

शिकायचं असेल तर ऐका.
बिल्ला आधी उलटा करायचा.
चेहरा कुणालाही जमतो.
ठशाने ठोकलेला असेल तर
पुढे जिथे उंचवटा, मागे तिथे खळगा;
तोफेची नळी मागून पन्हळीसारखी दिसते.
ओतीव असेल तर पाठ सपाट, तिला देवीचे वण,
कडेला कानशीचे ओरखडे.
मोजपट्टी लावा. केसभर लहान भरेल,
कारण थंड होताना पितळ अंग चोरतं.
काळेपणाला भुलू नका,
तो नवसागराने येतो, शेणात पुरूनही येतो.
झीज पाहा.
शिपाई रोज पहाटे एकाच बाजूने अंगठा फिरवतो,
म्हणून खऱ्या मुकुटाचे मणी एका अंगाला गुळगुळीत.
खोट्याची झीज सगळीकडे सारखी,
पंगतीत वाढल्यासारखी.

निवृत्तीच्या दुसऱ्याच वर्षी असा एक पकडला.
तोफ, वर राजाचा मुकुट.
पाठ सपाट. वण. चाकाच्या आऱ्या एकमेकींत वितळलेल्या.
मणी मात्र डावीकडे झिजलेले.
ते मी पाहिलं, आणि म्हटलं,
बेट्याने झीजसुद्धा शिकून घेतली.
पंधरा रुपये देऊन घरी आणला
आणि पुन्हा कुणी फसू नये म्हणून,
प्रेसच्या सवयीने,
ड्रिलने भोक पाडलं.

परवा तांबट लेनमध्ये घंगाळाचा कान बसवायला गेलो.
विषय निघाला, तशी रासन्यांनी
आजोबांची चोपडी काढली.
मोडी मला येत नाही. त्यांनीच बोट ठेवून वाचलं:
शिपाई, देवळाली तोफखाना. टोपीचे चिन्ह हरवले.
उद्या परेड. रात्रीत ओतून दिले. बारा आणे येणे.
खाली तशाच आणखी सात-आठ नोंदी.
बिल्ला हरवला की शिक्षा,
म्हणून सोबत्याचा उसना घेऊन
अंधारात भट्टीवर यायचे, वाळूत दाबायचे.

मी विचारलं, बारा आणे आले का?
रासने म्हणाले, पुढे काही लिहिलेलं नाही.

हाच तो, असं मी म्हणत नाही. पुरावा नाही.
पण असेल, तर तो टोपीवर चढला होता.
साहेबाच्या नजरेखालून गेला, पास झाला,
कुठल्याशा बोटीवर खारं वारं प्याला,
आणि एक अंगठा रोज पहाटे
त्याच्या डाव्या बाजूने फिरला,
खऱ्यावर फिरावा तसा.

रात्री डबा उलटा केला.
स्क्रू, वायसर, त्यांच्यात तो.
भिंगाखाली धरला.
तोफेच्या तोंडापाशी तीन मिलिमीटरचं भोक,
कडा अजून चकचकीत.
त्याच्यात खोटं असं तेवढंच निघालं.

वहीत त्याच्यासमोर लाल शाईने लिहिलंय, बाद.
खोडावं, तर खाडाखोड आमच्याकडे कधी चालली नाही.
दुसऱ्या दिवशी रासन्यांना बारा आणे देऊ केले.
ते हसले. म्हणाले, "काका, व्याज धरा ना, ऐंशी वर्षांचं."
दर काय लावायचा ते विचारायचं राहिलं.
घंगाळाचा कान अजून त्यांच्याकडेच आहे.